तटाबाहेरची वस्ती

लुईस फोन्सी यांच्या 'देस्पासितो' या गाण्याची चित्रफीत जानेवारी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि ऑगस्टपर्यंत यूट्यूबवर ती ३ अब्ज वेळा पाहिली गेली. तीत दिसते ती पोर्तो रिकोच्या सान हुआन शहरातील ला पेर्ला ही गरिबांची वस्ती. जुन्या शहराच्या तटाबाहेर ती वसली आहे; एका अंगास समुद्र, शेजारी दफनभूमी.

दिग्दर्शक कार्लोस पेरेस यांची दृष्टी रंगांवर खिळलेली आहे. लाटा, रंगीत भिंती, गल्लीतून चालत येणारी २००६ ची विश्वसुंदरी सुलेका रिवेरा, हे सारे मनोहर खरेच. परंतु गल्ली जणू तिच्या चालण्यासाठीच रंगविली असावी, असे वाटत राहते. डॉमिनो खेळणारी वृद्ध मंडळी दिसतात तेवढा क्षण आम्हांस जिवंत वाटला. ती आपल्या खेळात आहेत, आपल्याकडे त्यांचे लक्ष नाही. पण कॅमेरा तेथे थांबत नाही. गाण्याच्या नावाचा अर्थच 'हळूहळू'. घाई आहे ती चित्रणाला. (बदलीच्या गावाची ओळख सरकारी बंगल्याच्या व्हरांड्यातून करून घेणाऱ्या आम्हां नोकरदारांस ही घाई अपरिचित नाही.)

सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया वादळाने साऱ्या बेटाची वीज गेली. कित्येक भागांत ती परत येण्यास महिने लागले. तेव्हा आम्ही चित्रफीत पुन्हा लावली. त्या घरांत कोण राहते, पोटासाठी काय करते, हे शोधू लागलो. भिंतींचे रंग तेवढे आठवणीत होते तसेच दिसले.