तहानलेल्या बिशपांचे पत्र

गालापागोस बेटांविषयी आज प्रवासवर्णने उदंड आहेत. परंतु त्या बेटांचे पहिले वर्णन एका बिशपांच्या लेखणीतून उतरले, हे थोड्यांनाच ठाऊक असेल. पनामाचे बिशप तोमास दे बेर्लांगा पेरू देशाकडे निघाले असता वारा पडला, गलबत प्रवाहात सापडले आणि १० मार्च १५३५ रोजी या ज्वालामुखीजन्य बेटांपाशी येऊन पोहोचले.

२६ एप्रिलला त्यांनी सम्राट पाचव्या चार्ल्सला लिहिलेले पत्र आम्हांस वाङ्मय म्हणूनही मोलाचे वाटते. त्यात अलंकार नाहीत. पाणी संपलेले, माणसे निवडुंग चघळीत आहेत, दोन माणसे व दहा घोडे तहानेने दगावलेले. बेटावर मिस्साबलिदान अर्पण करून बिशप पुन्हा माणसे शोधार्थ धाडतात आणि एका घळीत पाणी सापडते. तहान हीच या गद्याची शिस्त आहे.

एका ठिकाणी मात्र आम्ही थबकतो. हातांनी धरता येणाऱ्या पक्ष्यांना बिशप निर्बुद्ध ठरवितात. तीनशे वर्षांनी, १८३५ साली, तेथे गेलेल्या डार्विनने त्याच वागण्याचे कारण जाणले: माणसाची भीती हे पक्षी अजून शिकलेच नव्हते. या अजाणतेपणाचा लाभ माणसाने पुरेपूर उठविला. देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजांनी तर तेथील महाकाय कासवे जिवंत शिधा म्हणून हजारोंनी नेली.

तहानेने व्याकूळ झालेल्या लेखकास आम्ही दोष देत नाही. तथापि, आज तेथे जाणाऱ्यास प्राण्यांपासून दोन मीटर दूर राहावे लागते. त्या पत्रातील एका विशेषणाची ही उशिरा झालेली दुरुस्तीच होय.