दुर्बोध काचेचं रसग्रहण

मराठी कवितेतल्या दुर्बोधतेवर आमच्या पिढीनं इतका वाद घातला, की पुढं आयुष्यात काहीही कळेनासं झालं तरी आम्हांला ते परकं वाटलं नाही. पण मोटारसायकलीचा मीटर दुर्बोध होईल, असं मात्र कधी मनात आलं नव्हतं. मीटरनं आपलं सरळ बोलावं. वेग किती, पेट्रोल किती, गाडी धावली किती. त्यात प्रतिमा नकोत, प्रतीकं नकोत.

गेल्या जुलैत ताम्हिणी घाटात माझ्या नव्या गाडीच्या मीटरनं एकाएकी नवकाव्याला हात घातला. पुण्याहून निघताना ऊन होतं आणि काच लख्ख होती. घाटात पाऊस लागला आणि काचेवर आतून धुकं धरलं. बाहेरून कितीही पुसली तरी आशय काही स्वच्छ होईना. पेट्रोलच्या जागी दोन रेघा आहेत की पाण्याचे दोन ओघळ, हे ठरवता येईना. मी आशावादी वाचक असल्यामुळं रेघा आहेत असा अर्थ लावला.

"अहो, का थांबलात?" मागून पृच्छा झाली.

"मी नाही थांबलो. गाडी थांबली."

भर पावसात अर्धा तास उभे राहिल्यावर एका जीपवाल्यानं बाटलीभर पेट्रोल दिलं. त्या अर्ध्या तासात दुर्बोधतेविषयीचं माझं तरुणपणचं मत संपूर्ण बदललं.

घरी येऊन मी गाडीची माहितीपुस्तिका काढली. दमट हवेत काचेला आतून बाष्प धरणं स्वाभाविक आहे, तो दोष मानू नये, अशा अर्थाचं एकच वाक्य तिथं सापडलं. मी पेन्सिल घेऊन समासात लिहिलं : 'पळवाट!' ज्या वाक्यात 'स्वाभाविक' हा शब्द येतो, तिथं गिऱ्हाइकानं खिसा सांभाळावा, असा माझा अनुभव आहे.

तरी टीकाकारानं न्यायानं वागावं, म्हणून मी वाक्य तपासायला घेतलं. मीटरचं डबडं मुद्दामच हवाबंद करत नाहीत. उन्हात आतली हवा फुगते, पावसात आकसते. तिला श्वास घ्यायला मागं एक बारीक भोक असतं. चांगल्या मीटरमध्ये त्यावर एक पापुद्रा असतो. त्यातून वाफ जाते, पाण्याचा थेंब जात नाही. तेव्हा दमट हवा आत जाणारच. वर पाऊस पडला की काच गार होते आणि वाफ तिच्यावर येऊन बसते. दव वरून पडत नाही, आधी वस्तू गार होते आणि मग तिच्यावर दव जमतं, हे विल्यम वेल्स नावाच्या लंडनच्या डॉक्टरानं 1814 साली एक अख्खा प्रबंध लिहून दाखवून दिलं होतं. म्हणजे पुस्तिकेला आधार होता.

मग हिशेब केला. डबड्यात अर्धा लिटर हवा धरू. 30 अंशांना ती पुरती दमट असेल, तर तिच्यात सुमारे 15 मिलिग्रॅम पाणी असतं. 20 अंशांवर आली की त्यातलं सहा-सात मिलिग्रॅम बाहेर पडतं. म्हणजे एका थेंबाचा जेमतेम आठवा हिस्सा! काच आंधळी करायला एवढं पुरतं. पण माझ्या काचेच्या तळाशी तर चांगले पाच-सहा थेंब डुलत होते. एवढं पाणी हवेतून आलेलं नव्हतं. पुस्तिकेचं वाक्य खरं होतं, फक्त ते माझ्या मीटरविषयी नव्हतं.

शेजारी जमले. एकानं मीटरला तांदळाची पिशवी बांधायला सांगितली. त्यानं फक्त तांदूळ दमट झाले. दुसऱ्यानं केस वाळवायचं यंत्र आणलं. त्याच्या उष्णतेनं आतला पडदाच काळवंडायचा, म्हणून ते परत पाठवलं. तिसरा सगळ्या फटी सिलिकॉननं बुजवायला निघाला. म्हणजे पाणी आत कायमचं कुळ लागलं असतं.

शेवटी मेकॅनिककडे गेलो. त्यानं मीटर एकदाच पाहिला.

"काका, गाडी धुता कुठं?"

"दर रविवारी, कोपऱ्यावर. फेरफटका मारून झाला की लगेच."

"जेटनं?"

मी गप्प. उन्हात तापलेल्या मीटरवर गार पाण्याचा फवारा मारला की आतली हवा एकदम आकसते आणि काचेच्या कडेनं पाणी आत ओढून घेते. हे त्यानं मला सांगितलं आणि पुस्तिकेतलं दुसरं पान उघडून दाखवलं. मीटरवर फवारा मारू नये, हे तिथं स्पष्ट छापलेलं होतं. टीकाकारानं पुस्तक पुरतं वाचलं नव्हतं. अर्थात यानं मराठी समीक्षेची काही परंपरा मोडली, असं कुणी म्हणणार नाही.

समासातली 'पळवाट' मी खोडली. तरी दोन आक्षेप उरतातच. धुकं उन्हात जात असेल तर निश्चिंत राहा, थेंब मुक्काम करत असतील तर गाडी दाखवायला आणा, एवढं एक वाक्य पुस्तिकेत जास्त हवं होतं. दुसरा आक्षेप गाडी रचणाऱ्यावर. माझ्या जुन्या राजदूतच्या मीटरमध्येही धुकं यायचं. पण पेट्रोल संपत आलं की गाडी आचके द्यायची, मी हात खाली नेऊन कॉक 'रिझर्व्ह'वर फिरवायचा, की घर यायचं. त्याला डोळे लागत नसत. इंजेक्शनच्या या नव्या गाडीत तो कॉकच नाही. सगळी अक्कल एका काचेमागं नेऊन ठेवली, आणि काच आंधळी झाली की अंधाऱ्या घाटात माणूसही आंधळा.

परवा पुन्हा निघालो. मीटर दुरुस्त होऊन आलाय, काच आरशासारखी आहे. मी मोठ्यानं वाचून दाखवलं : चार रेघा.

"असू देत," ही म्हणाली. "आधी टाकी उघडून बघा, मग मी बसते."