सोडिअम इलेक्ट्रॉन ‘देऊन टाकतो’?

शालेय पुस्तकांतून सोडिअमच्या आयनाची हकिकत साधारण अशी सांगितलेली असते: बाहेरच्या कक्षेतला एकुलता एक इलेक्ट्रॉन देऊन टाकला की अष्टक पूर्ण होते आणि अणू स्थिर होतो. जणू सोडिअम त्यासाठी टपलेलाच असतो!

आमचा आक्षेप ‘स्थिर’ या शब्दाला आहे. एकट्या सोडिअम अणूतून तो इलेक्ट्रॉन काढायला ५.१४ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा बाहेरून द्यावी लागते. क्लोरीनच्या अणूने तो घेतला की त्यातले ३.६१ परत मिळतात. म्हणजे व्यवहार सुमारे दीड इलेक्ट्रॉन व्होल्ट तोट्याचाच. हा तोटा भरून निघतो तो धन आणि ऋण आयन जवळ आल्यावर, त्यांच्यातील आकर्षणामुळे. वर बरीच ऊर्जा बाहेरही पडते. मिठाचा स्फटिक टिकतो तो यामुळे. पुस्तकांत नेमके हेच एका वाक्यात उरकलेले असते.

अष्टकाचा नियम शिकवू नये, असे आम्ही म्हणत नाही. रेणुसूत्रे लिहायला तो सोयीचा आहे. पण सोय म्हणजे कारण नव्हे. सोडिअमचा दुसरा इलेक्ट्रॉन काढायला ४७.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, कारण तो आतल्या, बऱ्याच खालच्या ऊर्जापातळीवर असतो. हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले, तर सोडिअम एकावरच का थांबतो हे नववीच्या मुलांनाही सांगता येईल.