‘श्यामची आई’चे श्रोते

मातृप्रेमाचे आणि संस्कारांचे पुस्तक ही ‘श्यामची आई’ची ओळख इतकी पक्की झाली आहे की, त्याच्या रचनेकडे सहसा कोणी पाहत नाही. साने गुरुजींनी ते १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले. १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्यातली प्रकरणे म्हणजे ४२ रात्री आहेत. आश्रमातली सायंप्रार्थना झाली की मित्र जमतात, गावातली मुले येऊन बसतात आणि श्याम आईची एक आठवण सांगतो. आई गेलेल्या मुलाला भोवतालच्या माणसांनी काय द्यावे, याचा मराठीतला मोठा दाखला मला या श्रोत्यांत दिसतो.

वेच्यांतून आणि कथाकथनांतून मात्र हे श्रोते गळून गेले. पायाला माती लागू नये म्हणून आईला पदर पसरायला लावणारा श्याम किंवा पोहायला घाबरून लपणारा श्याम आपल्याला पाठ आहे. गोष्ट उचलली की आश्रम मागे राहतो आणि हाती फक्त बोध उरतो. श्रोत्यांसह वाचली तर तीच गोष्ट एका पोरक्या मुलाने जपून ठेवलेली आठवण ठरते.

गुरुजींच्या मातोश्री १९१७ मध्ये वारल्या. त्यानंतर सोळा वर्षांनी हे पुस्तक कागदावर उतरले. श्याम म्हणजे हुबेहूब गुरुजी नव्हेत, हे मान्य. तरी या सोळा वर्षांकडे दुर्लक्ष करता येत नाही. पुस्तकातला श्यामही आईच्या अखेरच्या क्षणी जवळ नव्हता. ती रुखरुख बोलून दाखवायला त्याला माणसे लागली. त्या माणसांनी केले काय? दुसऱ्या रात्री ती पुन्हा येऊन बसली.

आपल्याकडे दुःखाच्या घरी जाण्याची रीत चांगली रुजलेली आहे. मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारी आणि भाऊबंद पिठले-भाकरी घेऊन येतात. अनेक भागांत त्याला ‘कडू घास’ म्हणतात. दुखवट्याला माणसे येतात, दहावा-तेरावा होतो. हे सारे मोठ्यांना सावरते, पण लहानांपर्यंत क्वचितच पोचते, आणि बहुधा तेराव्यालाच संपते. मी नऊ वर्षांची असताना वडील गेले. शेजारच्या काकूंनी मला घरी नेले, जेवू घातले, कुशीत झोपवले. ते उपकार मी विसरलेले नाही. मात्र वडिलांविषयी मला कोणी एक शब्द विचारला नाही. आईसमोर त्यांचे नाव काढायचे नाही, हे मी न सांगता शिकले आणि त्याबद्दल ‘शहाणी मुलगी’ म्हणून माझे कौतुक झाले. पुढे दोन-तीन वर्षांनी ‘श्यामची आई’ वाचताना मला हेवा वाटला तो श्यामच्या श्रोत्यांचा.

हे पुस्तक रडवे आहे, असा आक्षेप जुना आहे. तो मला पटत नाही. ज्याची आई गेली त्याने रडू नये तर काय करावे? उणीव मला दुसरीकडे दिसते. गेलेल्या माणसावर मूल चिडतेही: मला टाकून गेलात, म्हणून. श्यामच्या आठवणींत आईबद्दलच्या या रागाला जागा नाही. त्याचा सगळा राग स्वतःवरच आहे. दुसरी उणीव धाकट्या पुरुषोत्तमची. श्याम दूर होता. पुरुषोत्तम घरात होता. आईच्या अखेरच्या दिवसांत घरी काय घडले, हे श्यामला इतरांकडूनच कळले असणार, तरी ते सांगतो श्याम. ज्याने डोळ्यांनी पाहिले, त्या लहानग्याच्या वाट्याला बेचाळीसपैकी एकही रात्र आलेली नाही. घरातले सर्वांत लहान मूल ‘त्याला काय कळतेय’ म्हणून सुटते, ते असे.

हा प्रश्न केवळ वाङ्मयीन नाही. कोरोनात आई-वडील दोघेही गमावलेल्या मुलांच्या नावे प्रत्येकी ५ लाख रुपयांची मुदत ठेव ठेवण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२१ मध्ये घेतला. तो आवश्यकच होता. फी, कपडे, औषधे यांना पैसेच लागतात. पण मुदत ठेव मुलाला ‘तुझ्या आईच्या हातचे काय आवडायचे?’ असे विचारू शकत नाही. ते काम शाळेतल्या बाईंचे, अंगणवाडीताईंचे, शेजारच्या काकूंचे आहे. त्याला पदवी लागत नाही. मूल बोलेपर्यंत थांबण्याची आणि तेच तेच पुन्हा ऐकण्याची तयारी लागते. ज्या मुलांना रात्री झोप येईनाशी होते, खाणे तुटते, त्यांना डॉक्टरांकडे न्यावे. तेही कोणी जवळ बसले असेल तरच लक्षात येते.

म्हणून ‘श्यामची आई’ पुन्हा वाचताना या वेळी श्रोत्यांकडे लक्ष द्यावे, एवढीच विनंती. आणि कोणाच्या घरी दुखवट्याला गेलात, तर मोठ्यांशी बोलून झाल्यावर कोपऱ्यातल्या लहानग्याजवळ थोडा वेळ बसा. महिन्याभराने पुन्हा जा.