पट्टी समान, दर असमान : बीड जिल्ह्यातील घरगुती पाणीपुरवठा व सांडपाणी आकारणीची चिकित्सा

प्रस्तावना

१९९२ च्या डब्लिन परिषदेने पाण्याला आर्थिक मूल्य असल्याचे तत्त्व मांडले. पुढील काळात भारतातील नागरी पाणीपुरवठ्याची परिभाषा त्या दिशेने बदलत गेली. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २००८ साली जाहीर केलेल्या सेवास्तर मानकांत दररोज चोवीस तास पुरवठा, दरडोई १३५ लिटर पाणी, सर्व जोडण्यांना मीटर, महसूल न देणाऱ्या पाण्याचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत आणि खर्चाची १०० टक्के वसुली अशी उद्दिष्टे आहेत. सांडपाण्याच्या सेवेसाठीही १०० टक्के खर्चवसुलीचेच मानक आहे. ही उद्दिष्टे कागदावर एका रांगेत असली, तरी व्यवहारात ती एकाच वेगाने पुढे सरकत नाहीत. वसुलीचा आग्रह आधी येतो आणि सेवेची हमी मागे राहते. या विसंगतीची चिकित्सा बीड जिल्ह्याच्या संदर्भात करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जबाबदारीची विभागणी

७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत पाणीपुरवठा व स्वच्छता हे विषय नागरी संस्थांकडे दिले आहेत. अकराव्या अनुसूचीत पिण्याचे पाणी हा पंचायतींचा विषय आहे. योजनांची आखणी व बांधणी मात्र मुख्यतः महाराष्ट्र जीवन प्राधिकरण करते. १९७७ साली पाणीपुरवठा व जलनिःसारण मंडळ म्हणून स्थापन झालेल्या या संस्थेला १९९७ साली सध्याचे नाव मिळाले. योजना पूर्ण झाल्यावर ती सामान्यतः स्थानिक संस्थेच्या हाती येते आणि तिच्यासोबत वीजबिल, दुरुस्ती व गळती हेही येते. २००५ च्या कायद्याने स्थापन झालेले महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण धरणातून उचललेल्या पाण्याचा ठोक दर ठरवते. परंतु नगरपरिषद घरमालकाकडून काय घेते व त्याबदल्यात काय देते, हे तपासणारे स्वतंत्र नियामक राज्यात नाही. परिणामी धरणाच्या दारापर्यंत नियमन आहे, घराच्या दारापर्यंत नाही.

ठोक पट्टीचे अंकगणित

बीड शहरास बिंदुसरा प्रकल्पाखेरीज सिंदफणेवरील माजलगाव धरणाचे पाणी मिळते. हे धरण शहरापेक्षा सखल भागात असल्याने पाणी दुरून चढावर उपसून आणावे लागते व खर्चाचा मोठा वाटा विजेवर जातो. टंचाईच्या वर्षांत दोन पाळ्यांतील अंतर आठवड्याच्या पलीकडे जाते. तथापि राज्यातील बहुतांश नगरपरिषदांप्रमाणे आकारणीचे एकक जोडणी हेच आहे. अर्धा इंची नळाला वर्षाची एक ठोक पट्टी लागते. पाळ्या किती आल्या, याचा तिच्याशी संबंध नसतो.

या पद्धतीचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. वार्षिक पाणीपट्टी १,५०० रुपये आहे आणि नळाला दर दहा दिवसांनी पाणी सुटते, असे मानू. वर्षात सुमारे ३६ ते ३७ पाळ्या होतील. ज्या घरी ५,००० लिटरचा जमिनीखालचा हौद व मोटर आहे, ते घर वर्षाला सुमारे १,८२,५०० लिटर साठवते. त्याला हजार लिटरला सुमारे ८ रुपये पडतात. ज्या घरी ड्रम, हंडे व घागरी मिळून १,००० लिटरचीच सोय आहे, त्याला वर्षाला ३६,५०० लिटर मिळते व दर ४१ रुपयांवर जातो. पट्टी दोघांची समान आहे. दरात मात्र पाचपटींचा फरक आहे आणि अधिक दर गरीब घराच्या वाट्याला येतो. त्या घराला उरलेली गरज टँकर व जारच्या पाण्याने भागवावी लागते. हा खर्च नगरपरिषदेच्या हिशेबात दिसत नाही. म्हणून 'नागरिक पाण्याचे पैसे देत नाहीत' हे विधान अपुरे आहे. नागरिक पैसे देतात. ते नगरपरिषदेकडे पोहोचत नाहीत, इतकेच.

मीटर : उपाय आणि क्रम

यावर मीटर हा उपाय सुचविला जातो. कराडलगतच्या मलकापूर येथे २००७ नंतरच्या काळात चोवीस तास पुरवठा, मीटर आणि वापराबरोबर वाढत जाणारा दर ही योजना यशस्वी झाली. तिचे कौतुक योग्यच आहे. मात्र तेथे कोयनेचे बारमाही पाणी होते आणि मीटरसोबत अखंड पुरवठाही आला, हे विसरता कामा नये. खंडित पुरवठ्यात रिकाम्या नळांतील हवेनेही मीटर फिरतो आणि ग्राहकाचा मोजणीवरील विश्वास उडतो. शेजारच्या औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) २०१४ साली पाणीपुरवठा खाजगी कंपनीकडे गेला व २०१६ साली महापालिकेने तो करार रद्द केला. कंत्राटाचे स्वरूप बदलल्याने नळाचे पाणी आपोआप वाढत नाही, हा या अनुभवाचा अर्थ होय.

सांडपाणी : बिलात नसलेली सेवा

२०११ च्या जनगणनेनुसार बीड शहराची लोकसंख्या १,४६,७०९ होती. दरडोई १३५ लिटरच्या मानकाने रोजची गरज सुमारे १ कोटी ९८ लाख लिटर होते. पुरवठ्याच्या ८० टक्के पाणी सांडपाणी होते, हे अभियांत्रिकी गृहीतक धरल्यास रोज सुमारे १ कोटी ५८ लाख लिटर सांडपाण्याची व्यवस्था करावी लागेल. दीर्घकाळ ही व्यवस्था म्हणजे उघडी गटारे व शहरामधून वाहणारी बिंदुसरा नदी हीच होती. नगरपरिषद कायद्यात जलनिःसारणासाठी कर बसविण्याची तरतूद आहे; परंतु सांडपाणी किती सोडले, यावर आकारणी होत नाही. मोठा हौद असलेले घर अधिक पाणी वापरते, अधिक सांडपाणी सोडते आणि त्यासाठी वेगळे काहीच देत नाही. त्याची किंमत नदीकाठची वस्ती व खालच्या अंगाची गावे मोजतात. २०१५ च्या अमृत अभियानासारख्या योजनांतून भुयारी गटारे व शुद्धीकरण केंद्रे बांधता येतात. तथापि अनुदान बांधकामास मिळते; केंद्र रोज चालविण्याची वीज व मनुष्यबळ यांसाठी स्वतंत्र उत्पन्न नसेल, तर ते केवळ बांधकामच राहते.

ग्रामीण बाजू : कुलूपबंद घराची पाणीपट्टी

जिल्ह्याची सुमारे ८० टक्के लोकसंख्या ग्रामीण आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने सामान्य व विशेष अशा दोन्ही पाणीपट्ट्या आकारता येतात. २०१९ च्या जलजीवन मिशनने दरडोई ५५ लिटरचे उद्दिष्ट ठेवून घरोघरी नळ नेण्याचा कार्यक्रम हाती घेतला. मात्र ज्या जिल्ह्यातून लाखो ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात व उन्हाळ्यात परततात, तेथे वार्षिक पट्टीचा अर्थ वेगळा होतो. विहिरींना पाणी असते त्या हिवाळ्यात या घरांना कुलूप असते. कुटुंब परतते, तेव्हा उद्भव आटलेले व टँकर सुरू झालेले असतात. सेवा सर्वांत कमी घेणारे हे कुटुंब वर्षभराच्या पट्टीचे थकबाकीदार ठरते. नळजोडण्यांची संख्या मोजणाऱ्या अहवालात ही बाब येत नाही.

प्रतिवाद

दरवाढ टाळली तर संस्था कोलमडेल, वीजबिल थकेल व पुरवठाच बंद पडेल, असा प्रतिवाद केला जातो. तो गंभीरपणे घ्यावा लागेल. निवडणुकीच्या भीतीने वर्षानुवर्षे पट्टी गोठविणारे लोकप्रतिनिधी आणि ऐपत असूनही ती न भरणारे सधन ग्राहक हेही वास्तव आहे. मोफत पाणी हा प्रस्तुत विवेचनाचा निष्कर्ष नाही. मुद्दा क्रमाचा आहे. जी सेवा मोजली जात नाही, तिच्या पूर्ण खर्चाची मागणी नैतिकदृष्ट्या दुबळी राहते आणि म्हणूनच वसुलीही दुबळी राहते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून काही बाबी सुचविता येतात. एक, प्रत्येक प्रभागात वर्षभरात किती पाळ्या व किती तास पाणी आले, याची नोंद पाणीपट्टीच्या बिलावर छापावी व कमी पाळ्यांच्या प्रमाणात सूट द्यावी. दोन, अखंड पुरवठा होईपर्यंत साठवण क्षमतेनुसार पट्टीचे टप्पे करावेत. तीन, सांडपाण्याचा जमाखर्च पाणीपुरवठ्यापासून वेगळा ठेवावा व मोठ्या वापरकर्त्यांपासून आकारणी सुरू करावी. चार, हंगामी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांसाठी सहामाही पट्टीची सोय असावी. या सूचनांना मोठे भांडवल लागत नाही, प्रामाणिक नोंदवही लागते. ती नोंदवही नागरिकांसमोर उघडल्याशिवाय खर्चवसुलीचे कोणतेही मानक बीडसारख्या जिल्ह्यात न्याय्य ठरणार नाही.