बाबूराव शेडमाके शिकवताना आपण गॅझेटियरच वाचून दाखवतो का?

चंद्रपूर-गडचिरोलीकडचे पीएचडीच्या तयारीतले मित्र भेटले की एक विषय हमखास निघतो : '१८५७ च्या स्वातंत्र्ययुद्धात वीर बाबूराव शेडमाके यांचे योगदान'. माणूस मोठाच आहे, प्रश्न त्याचा नाही. अडचण 'योगदान' या शब्दाची आहे. उत्तर आधीच ठरलेलं असेल तर तीनशे पानं कशासाठी लिहायची?

ही सवय शाळेपासूनची. १२ मार्चला जयंती, २१ ऑक्टोबरला स्मृतिदिन, आणि दोन्ही दिवशी भाषण साधारण एकच. मोलमपल्लीचा तरुण गोंड जमीनदार. मार्च १८५८ मध्ये राजगड परगण्यावर चढाई. चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याच्या फौजेशी लढाया. २९ एप्रिलला प्राणहितेकाठी चिंचगुंडीला तारखात्याच्या लोकांवर हल्ला, त्यात गार्टलंड आणि हॉल ठार. पुढे अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यामार्फत अटक आणि २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्यात फाशी.

आता १९०९ चं चांदा जिल्हा गॅझेटियर काढा. प्रसंग तेच, क्रमही जवळपास तोच. बदलली आहेत ती विशेषणं. साहेबानं जिथं लूट म्हटलं तिथं आपण उठाव म्हणतो, त्याचा बंडखोर आपला क्रांतिवीर होतो. वजाचं अधिक केलं, गणित तेच ठेवलं. (सावरकरांचा सत्तावन्नवरचा ग्रंथही इंग्रजीत १९०९ सालीच आला. एका वर्षात दोन टोकांचे शब्दसंग्रह!) चिन्ह बदलणं गरजेचं होतं, हे मी मान्यच करतो. अहेरी-एटापल्लीच्या वर्गातल्या पोराला आपल्या माणसाबद्दल 'लुटारू' ऐकायला लागू नये. पण गोष्टीत काय घ्यायचं आणि काय गाळायचं, हे अजून साहेबच ठरवतोय त्याचं काय?

लक्ष्मीबाईंचंच घ्या. भाषणात त्या एका वाक्यात येतात, फितूर म्हणून, आणि जातात. त्यांना बक्षीस मिळालं ते अडपल्ली-घोटच्या जमीनदारीचं, ६७ गावांचं. ही जमीनदारी होती बाबूरावांचे साथीदार व्यंकटराव यांची. म्हणजे बघा, एका बंडखोर जमीनदाराची गावं सरकार दुसऱ्या, निष्ठावान जमीनदाराच्या पदरात टाकतं. नागपूरचं राज्य खालसा होऊन १८५८ मध्ये जेमतेम चार वर्षं झाली होती. या चार वर्षांत जंगलातल्या जमीनदारांचे हक्क कुणाचे टिकले, कुणाचे धोक्यात आले? अहेरीला कशाची भीती वाटली असेल? 'फितूर' म्हटलं की हे सगळे प्रश्न बंद. त्यांना निर्दोष ठरवा असं माझं म्हणणं नाही, पण हेतू तपासायला लागतो, गृहीत धरून चालत नाही.

बाबूरावांच्या फौजेत गोंडांबरोबर रोहिलेही होते. भाषणातून हे रोहिले गायब असतात. माझ्या मते हा मुद्दा सगळ्यात रंजक आहे आणि सगळ्यात कमी शिकवला जातो. पोटासाठी हत्यार धरणारे हे लोक चांद्याच्या जंगलात कसे आले, कुणाच्या भरवशावर लढले?

मग लोककथा. फाशीचा दोर तुटला, असं आजही सांगतात. शिक्षक एकतर ही कथा इतिहास म्हणून सांगतात नाहीतर हसून सोडून देतात. दोन्ही वाया. दोर तुटला का, हे त्या कथेवरून सिद्ध होणार नाही. पण कुठल्या गावात ती कशी सांगतात, गोंडीत सांगताना काय बदलतं, सांगणाऱ्याच्या घराण्याचा या प्रकरणाशी काय संबंध, हे नोंदवता येतं. तिथं गॅझेटियर तुमच्या हाताशी नसतं, म्हणून तिथं तुमचं स्वतःचं काम सुरू होतं.

तेव्हा सिनॉप्सिसमधून 'योगदान' काढा. 'चांदा जिल्ह्यातील जमीनदारी हक्क आणि १८५८ चा उठाव, १८५४ ते १८६०' असं काही धरून बघा. १८६० अशासाठी की बस्तरकडे निसटलेले व्यंकटराव त्या साली सरकारच्या हाती लागले, त्यांना जन्मठेप झाली. फाशीनंतरची ही दोन वर्षं कुठल्याच भाषणात येत नाहीत. सुरुवात लुसी स्मिथच्या १८६९ च्या सेटलमेंट रिपोर्टातल्या जमीनदारीच्या भागापासून करा, उठावाच्या पानांपासून नको.