पूर्वसंशोधनाचा आढावा : सूची आणि युक्तिवाद

विज्ञानाचा संशोधक विद्यार्थी पूर्वसंशोधनाचा आढावा लिहू लागतो तेव्हा ‘अमुक यांच्या मते’ या सूत्रात मते ओवीत जातो. सूची सिद्ध होते, युक्तिवाद होत नाही. या संदर्भात जेम्स लिंड यांचा स्कर्व्हीवरील १७५३ चा ग्रंथ उद्बोधक ठरतो. पूर्वलेखनाच्या चिकित्सक व कालानुक्रमी आढाव्याचे आश्वासन त्याच्या उपशीर्षकातच आहे, आणि तिसऱ्या भागात ते निष्ठेने पाळलेले आहे. मात्र १७४७ साली ‘सॅलिसबरी’ जहाजावर १२ रुग्णांवर केलेला, संत्र्या-लिंबांचा गुण दाखविणारा प्रयोग दुसऱ्या भागात काही परिच्छेदांतच उरकला आहे. आढावा आणि प्रयोग परस्परांना भेटत नाहीत. प्रश्नाची जागा कालक्रमाने घेतली आहे. (रोगाच्या कारणमीमांसेत लिंड रोधलेल्या घामालाच महत्त्व देत राहिले.)

शास्त्रग्रंथांतील पूर्वपक्षाची मांडणी याहून वेगळी आहे. तेथे प्रतिपक्ष येतो तो शंकेच्या बळावर. अर्थात ‘केचित्’ म्हणून नाव गाळण्याची तेथील मुभा या विद्यार्थ्याला नाही. नाव, वर्ष आणि शंका एकाच वाक्यात पेलताना त्याचा कस क्रियापदात लागतो. ‘सुचविले’, ‘दाखविले’ की ‘गृहीत धरले’, हे मूळ निबंध वाचल्यावाचून ठरविता येत नाही. दुसऱ्याच्या आढाव्यातून उचललेल्या नोंदीत ते आधीच कोणीतरी ठरविलेले असते.